टाकी खाली, देव वर

॥ श्री ॥
धार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुता हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लाल शाईचं पेन काढून बसले होते, पण दुसऱ्याच ओळीत तू ‘अक्का, तुझी याद येते’ असं लिहिलंस आणि पेन ठेवून दिलं. चुका राहू देत. लग्न होईपर्यंत आपण दोघींनी पत्रंच लिहायची हे ठरलं ते उत्तम झालं. मला फोनवर ऐकू येत नाही आणि तुला मराठी लिहिता येत नाही, तेव्हा एकाच औषधात दोघींचं दुखणं बरं होईल.

मुलगा पीथमपुरचा, म्हणजे कारखान्याच्या बसमधून उतरलेले मराठी. आम्ही इकडची जुनी खोडं. आमचे आजे-पणजे संस्थानात कारकुनी करत आले, ते अजून त्याच तोऱ्यात. बघू या, ही नवी मंडळी श्रीखंड वाटीनं खातात की चमच्यानं. रागावू नकोस, थट्टा करते. मुलगा साखरपुड्यात बरा वाटला. वाकून नमस्कार केला, नुसता गुडघ्याला हात लावून पळाला नाही.

केळवण पहिलं आत्याकडचं. शनिवार, १९ एप्रिल. तुम्ही तिघं आणि त्यांच्याकडचीही मंडळी आण. सकाळी निघा, दुपारी पंगत, ऊन उतरलं की परत. अंधार पडायच्या आत देवासला पोचाल.

माझं बरं आहे. मोरीतलं पाणी हल्ली बसत बसत जातं, माझ्यासारखंच. आमचे हे, तुझे अण्णा, गेल्यापासून या घराची दुखणीखुपणी बघायला मीच उरले आहे. भास्करला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद सांग.

तुझी,
अक्का


देवास, १८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का, सा. नमस्कार.

तुझं पत्र मी पूर्ण एकटीने वाचलं! बाबा चष्मा लावून मागे उभे होते, त्यांना हातच लावू दिला नाही. म्हटलं, मी वाचून तुम्हाला सांगेन. फक्त ‘खोडं’ विचारावं लागलं. मला वाटलं पेन्सिलवालं खोडरबर.

योगेंद्रच्या घरी सगळे एकदम खुश आहेत. त्याच्या आई म्हणाल्या, इतकी वर्षं पीथमपुरात राहून मांडू नाही बघितलं, तर रात्री धारला अक्कांकडेच थांबू आणि रविवारी सकाळी नालछ्यावरून मांडू. मी लगेच हो म्हणून टाकलं. आपण आणि ते मिळून बारा लोक होतील. गाद्या आम्ही आणू. चालेल ना?

आता एक गंदी गोष्ट, पण बाबांनी लिहायलाच सांगितलंय. मागच्या भाऊबीजेला आमच्याकडे पाहुणे आले होते ना, तेव्हा दुपारी संडासाची टाकी ओव्हरफ्लो झाली. सगळं पाणी अंगणात, रांगोळीवरून. आईने ओवाळायचं ताट हातात धरलेलं आणि मामा पाटावरून उठून पळाले. तेव्हापासून बाबा या विषयात प्रोफेसर झालेत. म्हणतात, टाकी भरून वाहिल्यावर उपसायची गाडी बोलवायची नसते, आधी बोलवायची असते. एका बांबूला पांढरा कपडा गुंडाळून ते आत सोडतात आणि गाळ कुठपर्यंत आला बघतात. तिसरा हिस्सा गाळ झाला की बस, उपसायची. घरात पाच-सहा माणसं असली तर तीनेक वर्षांत ही वेळ येतेच. आणि त्याआधी ती स्वतः सांगते म्हणे. पाणी हळू उतरतं, नळीत गुडगुड आवाज येतो, वास येतो.

तू लिहिलंस ना, मोरीतलं पाणी बसत बसत जातं, त्यावर बाबांचे कान उभे राहिले. विचारतात, तुझी टाकी नक्की कुठे आहे? आणि शेवटची कधी साफ केली होती?

सॉरी हं. पण बारा लोक आहेत.

तुझी,
ऋजुता


॥ श्री ॥
धार, २७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुता हिस आशीर्वाद.

असला विषय पत्रात लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. शाळेत इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, या वस्तूला चांगलासा शब्द तेव्हाही सापडला नाही.

गुडगुड मला कुठली ऐकू येणार? वास येतो, तर मी ऊद लावते. अण्णा असताना एकदा गाडी आली होती. त्यानंतर मागची खोली बांधली, मग अण्णा गेले, मग आपल्याकडे त्या नर्सिंगच्या मुली भाड्यानं राहिल्या. मुली दिवाळीत गेल्या. कॉलेजजवळ जागा मिळाली म्हणे.

भास्करनं विचारलंच आहे तर एकदाच सांगते. टाकी खाली आहे आणि वर देव आहेत. यातच काय ते समजा. याहून उघड मला लिहवत नाही. भास्करला सांग, आणि तो म्हणेल तसं करू.

बारा माणसांचं त्याचं उत्तर आल्यावर बघू.

अक्का


देवास, ८ मार्च २०२५

ती. अक्का, सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून केवढं बरं वाटलं! मी बाबांना लगेच सांगितलं, अक्काची टंकी खाली है, और ऊपर भगवान है. बाबा इतके हसले. म्हणाले, ‘अक्का म्हणजे अक्काच. चला, टेन्शन खतम. एकटा जीव, तिची टाकी भरणार तरी कशी?’

मग आता काहीच प्रॉब्लेम नाही. उलट योगेंद्रचे काका-काकू पण येतो म्हणतायत, म्हणजे चौदा होतील. वर देव आहेतच! तुझं हे वाक्य मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. इतकं पॉझिटिव्ह कुणी लिहीत नाही.

श्रीखंडाबरोबर दाल-बाफले पण करू या का? त्यांच्याकडच्यांना आवडतात.

तुझी,
ऋजुता


॥ श्री ॥
धार, १६ मार्च २०२५

चि. ऋजुता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मनाचा हिय्या करून मी जे लिहिलं त्यावर तुम्ही बापलेक हसलात, आणि ते तू ऑफिसात सांगितलंस. देवांचं असं झालेलं असताना भास्करला ‘टेन्शन खतम’ वाटतं, तर मी आणखी काय बोलणार? लहानपणी हाच भास्कर सोवळ्यात असताना मी शिवले तर घर डोक्यावर घ्यायचा.

केळवण तुम्ही देवासलाच करा. मी बसनं येईन, साडी-नारळ घेऊन येईन. एवढी माणसं, त्यातून परकी, माझ्या घरी राहायची म्हणजे मला जमणार नाही. कारण विचारू नये. गुडघेही दुखतात.

अक्का


देवास, २३ मार्च २०२५

अक्का,

‘परकी’ मला कुणाला विचारावं लागलं नाही. हिंदीतही पराया असतं.

पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, थट्टा करते. मी मानलं पण. आता कळलं की ती थट्टा नव्हती. तुम्ही धारवाले, जुने, संस्थानवाले, आणि ते कारखान्याच्या बसमधून उतरलेले. योगेंद्रच्या आईने तुझ्यासाठी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. ‘अक्कांना कुठला रंग आवडतो?’ असं मला तीन वेळा विचारलं त्यांनी. आता मी त्यांना काय सांगू?

हे पत्र मी बाबांना दाखवलेलं नाही. तुझंही नाही दाखवलं. त्यांना फक्त सांगितलंय की तुझे गुडघे दुखतात.

तू नाही आलीस तरी चालेल.

ऋजुता


पीथमपुर, २९ मार्च २०२५

ती. अक्कांना शि. सा. नमस्कार.

मी योगेंद्र. आपली भेट साखरपुड्यात ओझरती झाली. फोनवर तुम्हाला त्रास होतो म्हणून लिहितोय. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

काल ऋजुतानं तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे टाकली. ‘वाच, तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते.’ खूप रडत होती. मी सगळी वाचली, त्याबद्दल आधी माफी मागतो.

शाळा माझीही हिंदीच. पण आजी कऱ्हाडची, आणि उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या हाताखाली गेल्या. आजी ‘मांजर खाली बसलंय’ म्हणायची तेव्हा मांजर रिकामं नसायचं. इकडे मात्र खाली म्हणजे रिकामं. तुमच्या भाचीनं असं वाचलंय की टाकी रिकामी आहे, आणि बाकीचं बघायला वर परमेश्वर आहे. घरी तिनं तसंच सांगितलं, आणि म्हणून ते हसले.

मला वाटतं तुम्ही लिहिलंत की टाकी देवघराच्या खाली आहे.

हे चुकीचं असेल तर पत्र फाडून टाका आणि विसरून जा. बरोबर असेल तर पुढचं सगळं मला कळलं. एवढी माणसं रात्री का नकोत तेही कळलं. ऋजुताला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तरच सांगेन.

आमच्या पहिल्या क्वार्टरमध्ये टाकी स्वयंपाकघराखाली होती. एक लादी उचलावी लागते, दोन तासांचं काम. नगरपालिकेच्या गाडीला लांब पाइप असतो. कुणाला आत उतरवायचं नसतं, वाकून बघायचंही नसतं, आतला वायू वाईट. तिथे मी स्वतः उभा राहीन.

टाकीचं माझ्यावर सोडा. देवांचं काय करायचं ते मात्र तुम्हीच ठरवायला हवं. त्यातलं मला कळत नाही.

आपला,
योगेंद्र


॥ श्री ॥
धार, ३ एप्रिल २०२५

चि. योगेंद्र यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

जावयाला अहो-जाहो करायची आमची रीत आहे, पण लग्न व्हायचंय तोवर ‘अरे’ म्हणून घेते.

तुझं मांजर वाचून मी घरात एकटीच इतक्या मोठ्यानं हसले की मलासुद्धा ऐकू आलं. आणि मग रडले. ‘ध’ चा ‘मा’ झाला तो पुण्यात झाला असं आजवर ऐकत होते, आमच्याकडे तर अक्षरही न बदलता झाला.

तू म्हणतोस तसंच आहे. अण्णांनी मागची खोली टाकीवर बांधली ती अडगळीसाठी. झाकण लादीखाली गेलं. पुढे भाड्याच्या मुली आल्या, त्यांना पुढची खोली दिली, आणि देव मागे गेले. खाली काय आहे हे मला ठाऊक होतं. लादीवर पाट, पाटावर देव, असं मनाला समजावत राहिले. रोज पूजा करताना मेलं तेच डोक्यात येतं. आणि मुली कॉलेजजवळ जागा मिळाली म्हणून गेल्या नाहीत. दिवाळीत पाणी वर यायला लागलं म्हणून गेल्या. चांगल्या मुली, जाताना काही बोलल्या नाहीत. हे सगळं एका ओळीत उरकायला गेले ही माझी चूक. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय!

‘परकी’ म्हणाले ते तुमच्या कारखान्यामुळे नव्हे रे. घरच्यांपुढे लाज गेली तर घरात राहते. व्याह्यांपुढे ती जाऊ नये, एवढंच मनात होतं. ऋजुताला हे सांग. भास्करलाही तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

देवांचं मी ठरवलं. बसलेले देव उगाच उठवू नयेत, याचाच मला घोर होता. पण घरात लग्नकार्य निघालं की देवांचे चांदीचे टाक सोनाराकडे उजळायला जातातच, त्याला कुणी उठवणं म्हणत नाही. भाचीचं का होईना, कार्य आहे. काल सगळे टाक आमच्या दत्ताजी सोनाराच्या हवाली करून आले. परत येतील ते थेट पुढच्या खोलीत. मागे फक्त लादी उरली आहे.

बुधवारी ये. जेवायलाच ये.

तुझी,
अक्का


देवास, १३ एप्रिल २०२५

ती. अक्का, सा. नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. सॉरी फार छोटं वाटतं आणि ‘क्षमा असावी’ लिहिलं तर शाळेतल्या अर्जासारखं दिसतं. मी फार वाईट लिहिलं तुला. ‘तू नाही आलीस तरी चालेल’ हे तर अगदीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. हे आईने शिकवलं आज, रागावून.

योगेंद्रने बाबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता सोवळं निघणार. मग म्हणाले, ‘इतकी वर्षं देव तिथे बसले, त्यांनी कधी तक्रार केली नाही. मग मी कोण?’ आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. आई म्हणते त्यांचे डोळे भरले होते. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगते.

बुधवारचं सगळं योगेंद्रने सांगितलं. झाकण उघडलं तेव्हा गाळ पार वरच्या नळीला टेकला होता म्हणे. गाडीवाला म्हणाला, ‘भिया, एक आदमी नीचे उतार देते हैं, कोने साफ हो जाएँगे.’ योगेंद्रने सांगितलं, ‘कोने रहने दो, आदमी कोई नहीं उतरेगा.’ मग पाणी सोडून पाइपनेच दोनदा ओढलं. आणि तू त्या गाडीवाल्यांना पुढच्या खोलीत बसवून श्रीखंड दिलंस, वाटीत. योगेंद्रलाही. त्याने चमच्याने खाल्लं ना? मी विचारलं तर सांगत नाही.

अक्का, आता तुझी टाकी खाली पण आहे आणि खाली पण आहे.

१९ तारखेला आम्ही येऊ का?

तुझी,
ऋजुता


॥ श्री ॥
धार, २४ एप्रिल २०२५

चि. ऋजुता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी मांडूहून परस्पर देवासला गेलीस, सोमवारी तुझं ऑफिस होतं, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ते सांगायला बसले आहे.

आधी भास्करला निरोप. मागच्या खोलीत नव्या लादीला कडी बसवून घेतली आहे, आता फोडाफोड नाही. आणि त्याचा बांबू त्याला लखलाभ, पण तो कधी घालायचा ते माझ्या लक्षात राहायचं नाही. म्हणून मी माझा नेम केला. अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतोच. त्या महिन्यात जावयाला बोलावून अनारसे द्यायचे असतात. तर अधिक आला की योगेंद्रला बोलवायचं, आधी लादी उचलून बघायचं आणि मग अनारसे. पुढच्या वर्षी ज्येष्ठात अधिक आहे. तेव्हा टाकीत फारसं काही असायचं नाही, पण अनारसे होतील. त्याच्या पुढच्या अधिकात मात्र गाडी बोलवायचीच, पाणी तुंबो न तुंबो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगते. दिवाळीपासून मी दुपारनंतर पाणी पीत नव्हते. संध्याकाळी कुणी आलं तर दारातच बोलायची. समोरच्या माई रोज चहाला यायच्या, त्यांना मी ‘या, बसा’ म्हणायचं सोडलं. त्या चार-सहा दिवस आल्या आणि मग येईनाशा झाल्या. त्यांना वाटलं, मला शिष्टपणा आला. वाटू दिलं. भास्करला का नाही सांगितलं, तर तो म्हणाला असता, ‘अक्का, पुरे झालं, घर काढून टाक आणि देवासला ये.’ प्रेमानंच म्हणाला असता. मी नाही म्हणाले असते, आणि मग प्रत्येक लहानसहान दुखण्याला तेच ऐकावं लागलं असतं. मला इथून जायचं नाही गं. म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसता बसता घरात माणूस येईनासं झालं.

परवा मी स्वतः माईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, एवढंच? आमच्याकडे आली असतीस की!’ आणि लगेच माझ्याबरोबर आल्या. चहा घेतला, दुसरा घेतला, उठून आत जाऊन आल्या आणि पुन्हा येऊन बसल्या. कुणी संडासला जाऊन आल्याचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

केळवणाच्या रात्री बारांच्या जागी चौदा माणसं झाली आणि बाफलेही पुरले. तुझ्या सासूबाईंनी आणलेली साडी मोरपंखी आहे. मला मोरपंखी आवडतो हे त्यांना कुणी सांगितलं? तुझ्याशिवाय कोण सांगणार म्हणा.

आणि रविवारची गोष्ट. मांडूहून तुम्ही पुढे गेलात, आणि योगेंद्र आपल्या आई-वडलांना घेऊन गाद्या न्यायला माझ्याकडे आला. गाद्या गाडीत चढल्या, चपला पायात गेल्या. तुझ्या सासूबाई दारात थांबून म्हणाल्या, ‘अक्का, खरं सांगू? अजून एक दिवस राहावंसं वाटतंय.’ कुणी असं म्हटलं की मी दिवाळीपासून काही ना काही सांगून टाळत होते. रविवारी तोंडून एकदम निघून गेलं, ‘मग राहा की.’

त्यांनी चपला काढल्या.

तुझी,
अक्का